इंजिनाची ओटी

आमच्या घरी आजवर पुष्कळ सवाष्णींची ओटी भरली गेली आहे. त्यांत एक गाडीचं इंजिनही आहे.

हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. घडलं ते सांगतो. मी इथं जबलपुरात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. इंधनावर चालणारी इंजिनं हा माझा खास विषय. सिलिंडरमध्ये वायू कसा दाबला जातो, कसा फुगतो, त्याचा आलेख कसा निघतो, हे मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की झोपेतसुद्धा माझा हात तसा वळतो (असं सुलभा, म्हणजे माझी बायको, सांगते). खऱ्या इंजिनाला मात्र मी कधी हात लावला नव्हता. फळ्यावरच्या इंजिनातून तेल गळत नाही, त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

आमची गाडी लहान, पांढरी, चौकोनी. असल्या गाड्या निघणं बंद होऊनही बराच काळ लोटला. बाबांनी ती हौसेनं घेतली आणि पुढे ती माझ्याकडे आली. लग्न लागल्यावर सुलभा नागपूरहून आली, ती स्टेशनवरून राइट टाउनातल्या घरी याच गाडीतून. वाटेत गाडी बंद पडली, तेव्हा नवरदेवानं सोवळं खोचून तिला धक्का मारला होता. पुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला त्याच क्षणी कळलं होतं, असं सुलभा अजून सांगते. आमची मुलगी दवाखान्यातून घरी आली तीही हिच्यातच. ती मुलगी आता पुण्याला नोकरी करते आणि फोनवर आधी आईची, मग गाडीची आणि वेळ उरला तर माझी चौकशी करते.

तर या गाडीचं इंजिन थकलं. ते पेट्रोलपेक्षा तेल जास्त पिऊ लागलं. सकाळी गाडी चालू केली की मागून असा निळा धूर निघे की शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड आत नेले जात. मदनमहालच्या चढावर सायकलवाले आमच्या पुढे जात आणि जाताना आपुलकीनं वळून बघत. दोन मेकॅनिकांनी सांगितलं की या इंजिनात आता काही राम नाही, बदलून टाका. तिसऱ्यानं गाडीच बदला म्हणून सांगितलं, आणि तो नेमका सुलभासमोर बोलला.

सुलभा बँकेत अधिकारी आहे. तिच्याकडे तारीख म्हणजे तारीख असते. चैत्रात आमच्याकडे चैत्रगौर बसते, महिनाभर तिचा मुक्काम असतो आणि अक्षय्य तृतीयेला सुलभा ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेचं दर्शन घेऊन येते. मेकॅनिक गेल्यावर तिनं मला समोर बसवलं.

"मी साफ सांगून राहिले," ती म्हणाली. "अक्षय्य तृतीयेला ही गाडी मला ग्वारीघाटला नेऊन परत आणेल, तर राहील. नाही तर त्याच दिवशी भंगारवाला येईल."

"आणि इंजिन बदललं तर?"

"हार्ट बदला की किडनी. चालली पाहिजे."

मला वाईट वाटलं. गाडी म्हणजे लोखंड, हे मीच वर्गात सांगतो, पण बाबांनी याच गाडीच्या स्टिअरिंगवर माझे हात धरून मला रस्ता दाखवला होता. ती भंगारवाल्याच्या ट्रकवर उताणी पडलेली मला बघवली नसती. वर्कशॉपवाल्यांकडे लग्नसराईच्या गाड्यांची गर्दी होती आणि आमच्या गाडीकडे बघून ते नुसतेच मान हलवत. तेव्हा मी ठरवलं की इंजिन घरीच बदलायचं. मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक परदेशी माणूस गुडघाभर बर्फात उभा राहून, एकटा, तोंडानं शिट्टी वाजवत इंजिन काढत होता. त्याला बर्फात जमतं, तर आपल्याला चैत्राच्या उन्हात काहून नाही जमणार, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. शिवाय मी एकटा नव्हतो, माझ्याकडे भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पलीकडच्याच गल्लीत राहतात. सगळी नोकरी त्यांनी गाड्यांच्या फॅक्टरीत काढली, असं ते सांगतात, आणि ते खरंच आहे. फक्त ती काढली स्टोअरमध्ये. प्रत्येक नट, बोल्ट आणि वॉशर त्यांच्या हातून आत गेला किंवा बाहेर आला, त्यामुळे त्यांना प्रत्येकाचं नाव, माप आणि कुठल्या फळीवर ठेवतात ते पाठ आहे. एकही त्यांनी कधी पिळलेला नाही. पण निवृत्त झाल्यापासून ते घरात बसून ताईला भाजी कशी चिरावी ते शिकवत होते, त्यामुळे ताईनं त्यांना माझ्याकडे मोठ्या आनंदानं, डबा देऊन पाठवलं.

रिछाईत जुन्या गाड्या फोडणारा एक व्यापारी आहे. त्याच्याकडे आमच्याच जातीच्या एका गाडीचं इंजिन मिळालं. ती गाडी मागून ठोकली गेली होती, म्हणून पुढचं इंजिन धडधाकट. भाऊजींनी त्यावर टिचक्या मारल्या, कान लावला आणि मान डोलावली. आम्ही ते लोडिंग ऑटोत घालून वाजतगाजत घरी आणलं.

आता प्रश्न आला इंजिन उचलायचं कसं. ते एखाद्या भरल्या अंगाच्या माणसाएवढं जड असतं आणि बगलेत हात घालून उठवता येत नाही. भाऊजींनी पोर्चमध्ये उभं राहून वर पाहिलं. वर स्लॅबमध्ये झोपाळ्याच्या कड्या होत्या. बाबांनी घर बांधताना मुद्दाम घालून घेतलेल्या.

"चार माणसं झोका घेतात याच्यावर," भाऊजी म्हणाले. "एक इंजिन काय जास्त झालं?"

झोपाळ्याची फळी आणि साखळ्या आम्ही उतरवल्या आणि कड्यांना भाड्यानं आणलेली चेनपुली अडकवली. इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमची चैत्रगौर दर वर्षी याच झोपाळ्यावर बसते. इतरांकडे ती घरात, लहानशा पाळण्यात असते. आमच्याकडे आईच्या वेळेपासून पोर्चमध्ये, मोठ्या झोपाळ्यावर, खणाच्या कापडानं सजवलेली. येणाऱ्या बायका पायरी चढल्या की आधी तिला हळदीकुंकू लावतात, तिची ओटी भरतात, एक हलका झोका देतात आणि मग आत डाळ-पन्हं घ्यायला जातात. जबलपूरच्या मराठी बायकांत हा झोपाळा प्रसिद्ध आहे. यंदा गौर दिवाणखान्यात बसवावी लागली. सुलभानं ते निमूट केलं, म्हणजे एका शब्दानंही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला कामावर पाठवायला पुरेसं होतं.

जुनं इंजिन निघालं. कसं निघालं ते विचारू नका. नळ्या, तारा, बोल्ट सोडवत गेलो. भाऊजी प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत करत आणि तो साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकत. शेवटी चेनपुलीची साखळी ओढली, तसं बाबांच्या गाडीचं काळंकुट्ट इंजिन हळूच वर आलं. पुढचं ओझं गेल्याबरोबर गाडीनं नाक वर केलं. ते इंजिन आम्ही मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली पोत्यावर नेऊन ठेवलं. मला उगाच गलबलून आलं आणि मी भाऊजींना चहाचं विचारलं.

रिछाईचं नवं इंजिन आत उतरवायचा दिवस शनिवार होता. त्याच संध्याकाळी सुलभाचं हळदीकुंकू होतं आणि अक्षय्य तृतीयेला जेमतेम दहा दिवस उरले होते. आम्ही सकाळी इंजिन वर घेतलं, खाली गाडी आणली, आणि नेमकी त्याच वेळी चेनपुली अडकली. साखळी वरही जाईना आणि खालीही येईना. तेल घातलं, हातोडी मारली, भाऊजींनी तिला तिच्या मापावरून चार शब्द सुनावले. काही फरक नाही. शेवटी आम्ही गाडी मागे ढकलून कंपाउंडच्या भिंतीपाशी नेली. इंजिन तिथंच, पोर्चच्या मधोमध, छातीएवढ्या उंचीवर लोंबत राहिलं.

दुपारी सुलभा पन्ह्याच्या कैऱ्या हातात घेऊन बाहेर आली.

"हे काय लटकून राहिलं?"

"इंजिन," मी म्हणालो.

"ते दिसतंय. पाच वाजता बायका येणार."

भाऊजींनी तिला चेनपुलीची रचना समजावून सांगायला सुरुवात केली. सुलभानं ती पूर्ण ऐकून घेतली, हे विशेष. मग म्हणाली, "भाऊजी, निदान झाकून तर ठेवा. आणि तुम्ही दोघं कोणाला दिसू नका. अवतार पहा आपला." आणि ती आत गेली.

झाकायचं म्हणून मी कपाटातून हाताला लागलं ते जाडसर कापड काढलं. हिरवं, लाल काठाचं, छान होतं. ते इंजिनावरून सोडलं, वर साखळीपाशी बांधलं आणि खाली चुण्या पाडल्या (घाण दिसू नये म्हणून). ते गौरीच्या झोपाळ्याला दर वर्षी लावायचं खणाचं कापड होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तेवढ्यात आमचा फूलवाला आला. त्यानं सुलभाला फोन करून मोगऱ्याचा गजरा कुठे ठेवू म्हणून विचारलं. ती डाळ वाटत होती. तिनं सांगितलं, "भैया, झूले की कड़ी पे टाँग दो." तो इमानी माणूस. कडीला लोंबणाऱ्या त्या हिरव्या वस्तूच्या गळ्यात त्यानं गजरा नीट घातला, हात जोडले आणि गेला. मग सुलभानं दार जरासं उघडून, बाहेर न बघता, दाराशी स्टुलावर हळदीकुंकवाचं तबक आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची परात ठेवली.

पाच वाजले. मी आणि भाऊजी भिंतीपाशी गाडीच्या आड बसलो होतो. माझ्या अंगात बनियन आणि जुनी हाफपँट होती, आणि दोघेही कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले. पहिल्या आल्या पटवर्धनकाकू. वयानं सगळ्यांत मोठ्या, मानानंही मोठ्या, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर ढकललेल्या. त्यांच्या मागे बाकीच्या. काकूंनी पायरी चढून वर पाहिलं आणि थबकल्या.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "यंदाची गौर काय भारदस्त आहे!"

मी गाडीमागे आणखी खाली वाकलो. काकूंनी तबक घेतलं. हिरव्या कापडावर बोटं टेकून हळद लावली, कुंकू लावलं. मग हरभऱ्यांची ओंजळ भरली आणि चुण्यांमधून जिथं जागा दिसली तिथं ओटीत घातली. हरभरे टणटण आवाज करत आत गेले. काकूंना ऐकूही जरा कमीच येतं.

"जा ना, सांग त्यांना," भाऊजी माझ्या कानात म्हणाले.

"तुम्ही जा. तुम्ही मोठे."

"तुझं घर आहे. मी पाहुणा."

हा वाद आम्ही कुजबुजत घालत होतो, तोवर दुसरीनं हळदीकुंकू लावलंही. तिची नजर चांगली होती. तिला नक्की काहीतरी चमत्कारिक वाटलं असणार, कारण तिनं कापड किंचित उचलून पाहिलं, लगेच सोडलं आणि मागचीकडे बघितलं. मागचीनं तिच्याकडे बघितलं. पण पटवर्धनकाकूंनी ज्या गौरीची ओटी भरली, ती गौर नाही असं म्हणायची छाती कोणाची? तिनं ओंजळ भरली. मग तिसरीनं भरली. एकीनं तर कापड सारून, खाली डोकावून, नळीच्या तोंडासारखी एक सोयीची जागा शोधली आणि हरभरे त्यात नीट बसवले. सांडू नयेत म्हणून. शेवटी काकूंनी रीतीप्रमाणे एक झोका दिला. अडकलेली चेनपुली कुरकुरली आणि ती भारदस्त गौर संथपणे मागेपुढे झाली.

बायका आत का येत नाहीत म्हणून सुलभा बाहेर आली. तिनं रांग पाहिली, गजरा पाहिला, स्वतःचं खणाचं कापड पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं संसार केलाय, पण त्या क्षणाला ती जे बोलली ते मला आयुष्यभर सुचलं नसतं.

"या ना, आत या," ती हसून म्हणाली. "ही थोरली. धाकटी आत आहे."

सगळ्या निमूट आत गेल्या. राइट टाउनात अजून बोललं जातं की आमच्याकडे दोन गौरी बसतात.

दुसऱ्या दिवशी रविवारी चेनपुली आपणहून सुटली. कशी ते कळलं नाही. झोक्यानं सुटली असावी, असं माझं शास्त्रीय मत आहे. पण सुलभानं पोर्च आधी मोकळा करायचा हुकूम दिला होता, त्यामुळे आम्ही नवं इंजिनही उचलून मागच्या अंगणात, जुन्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. सोमवारी मी कॉलेजात होतो. भाऊजींना करमेना म्हणून त्यांनी दोन्ही इंजिनं घासायला घेतली. नव्यावर हळद, कुंकू, मोगरा असं सगळं चिकटलं होतं, ते त्यांनी पाइप लावून, ब्रशनं घासून चकचकीत केलं. मग आता एवढं केलंच आहे तर म्हणून जुनंही तितकंच घासलं. बाहेरचे हरभरे त्यांनी वेचून काढले. आतही काही असतील, हा विचार त्या स्टोअरमधल्या माणसाला शिवला नाही. मलाही नाही.

मंगळवारी कॉलेजला सुट्टी होती. आम्ही दोघं मागच्या अंगणात आलो आणि एकमेकांकडे बघू लागलो. पेरूच्या झाडाखाली दोन इंजिनं शेजारी शेजारी बसली होती. एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची, एकाच माणसानं घासलेली.

"यांतलं नवं कुठलं?" मी विचारलं.

"डावीकडचं," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही घासताना जागा बदलली होती ना?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. मग त्यांनी दोन्हींवर टिचक्या मारल्या. दोन्ही सारखीच वाजली. मी विज्ञानाचा माणूस. मी खाली बसलो आणि बारकाईनं निरीक्षण करू लागलो. आणि मला पुरावा सापडला. उजवीकडच्या इंजिनावर, वरच्या बाजूला, एका खाचेत कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. शेजारी चिमूटभर हळद.

"भाऊजी," मी उभा राहत म्हणालो, "बायकांनी कुंकू कोणाला लावलं? नव्या इंजिनाला. जुनं तर इथं मागे होतं. हे घासूनही खाचेत राहून गेलं. म्हणजे उजवीकडचं नवं. सिद्ध झालं."

भाऊजी माझ्याकडे आदरानं बघत राहिले. मलाही स्वतःबद्दल तेच वाटत होतं.

उजवीकडचं इंजिन आम्ही गाडीत चढवलं. नवे प्लग घातले, नवी गॅस्केट घातली, ताजं तेल भरलं, कार्बोरेटर धुऊन बसवला. साखरेच्या डब्यात काही बोल्ट उरले, ते कंपनीनं जास्तीचे दिले असतील असं ठरलं. संध्याकाळी मी किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि तिसऱ्यांदा चालू झाली. भाऊजींनी मला मिठी मारली. सुलभा बँकेतून आली होती, ती मागचं दार उघडून अंगणात गेली, उरलेल्या इंजिनाकडे जरा वेळ बघत उभी राहिली आणि स्वयंपाकाला लागली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. गाडी लोण्यासारखी चालत होती. पिकअप असा की मदनमहालच्या चढावर मी सायकलवाल्यांना मागे टाकलं (निदान दोघांना). धूर नावाला नाही. इंजिनाचा आवाज तर इतका तरुण की मी खिडकी उघडी ठेवून चालवत असे. भाऊजींना घेऊन मी पनागरपर्यंत जाऊन भाजी आणली, येताना ते म्हणाले, "फरक जाणवतो ना?" मी म्हणालो, "जमीन-अस्मानाचा." स्टाफरूममध्ये मी नव्या इंजिनाच्या कार्यक्षमतेवर जवळजवळ एक व्याख्यान दिलं. फळ्यावर आलेख काढून दाखवला. आमचे प्राचार्य दारात उभे राहून ऐकत होते.

अक्षय्य तृतीया आली. सकाळी आम्ही ग्वारीघाटला निघालो. सुलभा नवी साडी नेसून पुढच्या सीटवर, हातात गौरीपुढचं तबक. गाडी एकदाही कुरकुरली नाही. नर्मदेचं दर्शन झालं, घाटावर कढत पोहे झाले, आणि आम्ही परत घरी. दारात गाडी उभी करून मी सुलभाकडे बघितलं.

"राहील?" मी विचारलं.

"राहील," ती म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण भंगारवाला ठरल्याप्रमाणे आलाच होता. गाडी नाही, तर निदान जुनं इंजिन तरी ने, म्हणून मी त्याला मागच्या अंगणात घेऊन गेलो. भाऊजीही निरोपाला आले होते. त्यानं इंजिन एका बाजूनं कलतं केलं, आणि मग तसंच धरून थांबला.

"सर," तो म्हणाला, "इसमें तो चने उग आए हैं."

मी वाकून पाहिलं. पाण्याच्या नळीच्या तोंडातून हरभऱ्याचे पांढरेशुभ्र कोंब डोकं वर काढून बघत होते. भाऊजींनी पाइपनं घातलेलं पाणी आत राहिलं होतं, वर पेरूची सावली. पीक जोमदार आलं होतं. एकाला तर हिरवं पानही फुटलं होतं.

मी वर्गात मुलांना सांगतो की पुराव्यामागे जा, तो नेईल तिथं जा. तर पुरावा असा होता. हरभरे बायकांनी नव्या इंजिनात घातले. हरभरे या इंजिनात आहेत. म्हणजे हे नवं. म्हणजे गाडीत, जिच्या पिकअपवर मी आठवडाभर बोलत होतो, तिच्यात बाबांचं जुनंच इंजिन बसलेलं होतं.

"मग ते कुंकू?" भाऊजी म्हणाले. "कुंकू कोणी लावलं जुन्याला?"

मागच्या दारात सुलभा उभी होती. ती हसत होती, पण तिचे डोळे भरले होते.

"मी लावलं," ती म्हणाली. "सोमवारी, दिवेलागणीला."

"तू? अगं, काहून?"

"जाणार होतं ना ते घरातून. त्यानंच आणलं मला स्टेशनवरून, घासलं तरी ओळखते मी त्याला. तसंच कसं पाठवायचं, कुंकू न लावता?"

"आणि आम्ही तेच बसवलं, हे तुला..."

"त्याच दिवशी कळलं. उरलेल्याला कुंकू नव्हतं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही दोघं एवढे खूश होते," सुलभा म्हणाली. "आणि निघणाऱ्या बाईला कुंकू कशासाठी लावतो आपण? परत यावी म्हणूनच ना? आलं परत. मी काय बोलणार होते?"

गाडी भंगारात काढा म्हणून माझ्यामागे लागलेली ही बाई, संध्याकाळी एकटी अंगणात जाऊन एका थकल्या इंजिनाला कुंकू लावून आली होती, आणि मला वाटत होतं की या घरात गाडीवर जीव असलेला मी एकटाच. भाऊजींनी रुमालानं नाक पुसलं आणि ग्रीस मिशीला लावून घेतलं. भंगारवाल्याला आम्ही पन्हं देऊन परत पाठवलं. आर.टी.ओ.त जाऊन इंजिनाचा नंबर बदलून घ्यायचा होता, तोही हेलपाटा वाचला.

संध्याकाळी मी गाडी घेऊन दूध आणायला निघालो, तर मागे निळा धूर. चढावर सायकलवाले पुढे. इंजिनातून तीच जुनी टकटक. आठवडाभर हे सगळं असंच होतं का, की आजच सुरू झालं? मी घरी येऊन सुलभाला विचारलं.

"असंच होतं," ती म्हणाली. "पापड रोज आत जातच होते."

भाऊजींचं म्हणणं होतं की आता पद्धत कळली आहे, तर पुढच्या रविवारी खरंखुरं नवं इंजिन बसवून टाकू. पण सुलभानं त्याच दिवशी झोपाळा परत टांगला आणि तो पुन्हा उतरणार नाही असं जाहीर केलं. प्लग नवे, तेल ताजं, एवढ्यावर आणखी काही वर्षं निघतील असा माझा अंदाज आहे, आणि माझे अंदाज कसे असतात ते वाचकांना आता माहीत झालं आहे. रिछाईच्या इंजिनातले हरभरे मात्र आम्ही काढले नाहीत, रोज थोडं पाणी घालतो.

काल प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचीही गाडी जुनी झाली आहे, धूर सोडते, वर्कशॉपवाल्यांवर त्यांचा विश्वास नाही. स्टाफरूममधलं माझं व्याख्यान त्यांच्या मनात भरलं होतं. घरच्या घरी मी त्यांचं इंजिन बदलून देईन का, असं त्यांनी फार संकोचून विचारलं. मी ताबडतोब हो म्हणालो. इंजिन काढायचं, घासायचं आणि तेच परत बसवायचं, यात या शहरात माझ्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाला आहे?